इंजीन चालू होईना

लग्न होऊन महिना उलटला होता आणि माझा नवरा मला अजून 'तुम्ही' म्हणत होता.

त्याचा तरी काय दोष! दोन भेटींत ठरलेलं लग्न. मी धुळ्याकडची, साक्रीच्या रस्त्याला असलेल्या एका लहान गावातली. सासर पार दुसऱ्या टोकाला, बोदवड आणि वरणगावच्या मधल्या पट्ट्यात. दोन्हीकडे खानदेशच, पण आम्ही 'शे' म्हणतो तिथे हे लोक 'हाये' म्हणतात, आणि आमचा 'बठ्ठा', म्हणजे सगळा, ऐकला की सासरची लहान पोरं लोळून हसतात. लग्नानंतर दोनच दिवसांनी माझ्या हातून पातेलं निसटलं आणि तोंडातून निघून गेलं, "अवं माय, बठ्ठा भात सांडी गया!" स्वयंपाकघरात जो हशा पिकला तो मला झोंबला. तेव्हापासून मी ठरवलं, इथे फक्त शाळेतली मराठी बोलायची. नवऱ्यानेही माझ्याशी शाळेतलीच मराठी लावली. "तुम्ही चहा घेतला का?" "हो, घेतला. तुम्ही?" "मीही घेतला." झालं, संपलं. तोंडी परीक्षेला बसल्यासारखे आम्ही एकमेकांसमोर बसायचो.

बरं, बोलायला जागा तरी कुठे होती? कापूस वेचून झाला होता. आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, भाव चढणार अशी पक्की खात्री होती, म्हणून बाजारात न नेता सगळा कापूस त्यांनी घरातच भरला होता. आम्हाला दिलेल्या खोलीत तो अर्ध्या भिंतीपर्यंत चढला होता. दिवसभर पुतणे-पुतण्या त्यात उड्या मारायच्या. संध्याकाळी त्यांना हाकलून दार लावावं, तर भिंतीपलीकडून आबांचं खाकरणं असं स्पष्ट ऐकू यायचं की जणू ते आमच्याच खाटेवर बसलेत. आपलं बोलणंही तिकडे तसंच ऐकू जात असणार, या विचाराने आम्ही दोघं गप्प. नुसते अंग खाजवत पडून राहायचो. कापसाने फार खाज सुटते.

अशात माझे आई-वडील भरीत खायला येणार असं ठरलं. थंडीत आमच्या भागात शेतावरच भरिताचा बेत करतात. पऱ्हाट्यांवर, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांवर, वांगी भाजायची आणि तिथेच कुटून खायची. माझ्या वडिलांना मी नाना म्हणते. नाना पहिल्यांदाच माझ्या सासरी येणार होते, म्हणून मला आनंदापेक्षा धास्तीच जास्त होती. नाना काही विचारणार नाहीत, नुसतं माझ्या तोंडाकडे बघतील, हे मला ठाऊक होतं. आणि माझं तोंड त्या महिन्यात कसं दिसत होतं ते मी आरशात रोज बघत होते. दुःख कसलंच नव्हतं. पण पाहुण्यांच्या घरी महिनाभर नीट बसून राहिल्यासारखं झालं होतं.

त्याच आठवड्यात शिवारातला डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाला. विजेची मोटर बंद, आणि गहू पाण्याला आलेला. ज्या दिवशी आई-नाना येणार त्या सकाळी आबांनी चपला घालता घालता नवऱ्याला सांगितलं, "शेततळ्यावरचं इंजीन चालू कर आन् गव्हाले पाणी लाव. मी डीपीचं काय होते ते पाहून येतो. पाव्हन्यायले येता येता सोबतच शेतात घेऊन येईन."

सासूबाईंना घरात सगळे अक्का म्हणतात. त्या वांगी पुसत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सूनबाईलेही घेऊन जाय. वांगे न्या, पऱ्हाट्या रचून ठेवा. आम्ही भाकरी-पुऱ्या करून मागून येतो."

नवरा माझ्याकडे न बघता म्हणाला, "येता का?"

"येते," मी म्हणाले.

मोटरसायकलवर आमच्या दोघांच्या मध्ये वांग्यांची भलीमोठी पिशवी होती आणि माझ्या हातात पेट्रोलची बाटली. पूर्ण रस्ता आम्ही एवढंच बोललो, "सांभाळून धरा." "धरलं आहे."

शेतात कोणी नव्हतं. कोवळं ऊन होतं, गव्हाचे वाफे हिरवेगार, आणि शेततळ्याच्या काळ्या प्लास्टिकवर पाणी चमकत होतं. काठावरच्या पत्र्याच्या खोपटातून नवऱ्याने इंजीन बाहेर काढलं. बसलेल्या बकरीएवढं असेल, पेट्रोलवर चालणारं, पुढे पंप जोडलेला. पावसाळ्याआधी ठेवलं तेव्हापासून त्याला कोणी हातही लावला नव्हता. नवऱ्याने बाह्या वर केल्या, दोरीची मूठ धरली आणि जोरात ओढली.

इंजीन फुर्र झालं आणि गप्प बसलं.

पुन्हा ओढली. पुन्हा फुर्र. त्याने दहा-बारा वेळा ओढली असेल. कपाळावर घाम आला. मी पिशवी धरून तशीच उभी. नवी नवरी, मधे बोलावं की नाही कळेना. पण माहेरी नानांच्या फवारणीच्या पंपाचा पाना धरायला मीच असायचे, त्यामुळे थोडंफार दिसत होतं. शेवटी हिंमत करून म्हटलं, "त्याचं बटण बंद आहे."

त्याने बघितलं. बटण खरंच बंद होतं. कान लाल झाले त्याचे. "मी तेच बघत होतो," तो म्हणाला आणि बटण चालू केलं.

आता होईल म्हणून ऐटीत दोरी ओढली. फुर्र.

माझा नवरा भुसावळला संगणक दुरुस्तीच्या दुकानात काम करायचा. त्यामुळे बिघाड म्हटला की त्याची एक ठरलेली पद्धत होती. तो म्हणाला, "एकदा सगळं बंद करून परत चालू करून पाहू." त्याने बटण बंद केलं, पेट्रोलचा कॉक बंद केला, चोक मागे ढकलला, थोडा वेळ उगाच थांबला, मग सगळं उलट क्रमाने चालू केलं. इंजिनावर काही परिणाम झाला नाही.

मी टाकीचं झाकण उघडून वास घेतला. पेट्रोलला पेट्रोलचा वास उरला नव्हता. जुन्या रंगाच्या डब्यासारखा उग्र, कुबट वास येत होता. "हे शिळं झालंय," मी म्हटलं. आम्ही टाकी तिरकी करून सगळं एका डब्यात ओतलं, कार्बोरेटरच्या खालचा स्क्रू सैल करून त्यातलंही गाळून काढलं, आणि बाटलीतलं ताजं पेट्रोल भरलं. या सगळ्यात पेट्रोल माझ्या हातावर, त्याच्या पँटवर आणि दोन वांग्यांवर सांडलं. ती वांगी आम्ही न बोलता बाजूला ठेवली.

दोरी ओढली. फुर्र.

"व्हिडिओ पाहतो," नवरा म्हणाला. पण शेतात नेटवर्क नव्हतं. ते फक्त शेततळ्याच्या बांधाच्या एका कोपऱ्यात यायचं, तेही उभं राहून हात वर केला तर. त्यामुळे माझा नवरा बांधावर फोन उंच धरून मान वर करून व्हिडिओ बघत होता आणि मी खाली इंजिनापाशी. व्हिडिओतला माणूस हिंदीत इतका खुशीत बोलत होता की रागच आला. त्याचं इंजीन पहिल्याच झटक्यात चालू झालं.

"तो म्हणतो, प्लग काढा!" नवरा वरून ओरडला.

मी खोपटातून पाना शोधून प्लग काढला. तो खाली आला. आता स्पार्क येतो का ते बघायचं होतं. प्लगला टोपी लावायची, प्लगचं लोखंड इंजिनाच्या अंगाला टेकवायचं आणि दुसऱ्याने दोरी ओढायची. ठिणगी पडली तर प्लग ठीक. नवऱ्याने प्लग हातात घेतला आणि वाकून टेकवायला लागला. मी दोरीची मूठ धरली.

"ओढू?" मी विचारलं.

"थांब—" एवढंच त्याच्या तोंडातून निघालं असावं. मला 'हं' ऐकू आलं. मी अंगातलं सगळं बळ लावून दोरी ओढली.

तो उडालाच. प्लग एकीकडे, तो दुसरीकडे, आणि शिवारभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "अवो माऽऽय वो! काय करते वं तू! मारते का मले!"

बांधावरच्या बाभळीतून दोन-चार साळुंक्या उडाल्या. तो गव्हाच्या कडेला बसून हात झटकत होता. मी दोरी धरून उभी. महिनाभर 'तुम्ही चहा घेतला का' म्हणणारा तो सभ्य माणूस गेला होता आणि त्याच्या जागी हा बोदवडचा पोरगा बसला होता, डोळे वटारून. मला हसू फुटणार हे पोटात कळत होतं. पदर तोंडात कोंबला, पण काही उपयोग झाला नाही. जे हसू आलं ते थांबेना.

त्याने माझ्याकडे बघितलं. मग अगदी गंभीरपणे म्हणाला, "स्पार्क येतोय. म्हणजे प्लग चांगला आहे."

मी खालीच बसले.

तोही हसायला लागला. आधी नाकातून, मग मोठ्याने. हात झिणझिणत होता, तो चोळत चोळत हसत होता. सासरी येऊन मी पहिल्यांदा अशी हसले होते, आणि त्याला हसताना तर मी पहिल्यांदाच बघत होते. हसताना त्याचा एक डोळा पूर्ण मिटतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

आमचा आवाज ऐकून पलीकडच्या शेतातले आप्पा बांधापाशी आले. आप्पा म्हणजे आबांच्या वयाचे शेजारी. त्यांनी बांध काही ओलांडला नाही. पलीकडेच काठीवर हनुवटी टेकून उभे राहिले आणि आम्हाला बघत राहिले.

"चालू नाही होत?" त्यांनी विचारलं.

"नाही, आप्पा."

"होयाचंच नाही. तुह्या बापाशिवाय ते चालू होत नाही. तो त्याले शिव्या देतो. पहिले शिव्या, मंग दोरी. तुम्ही त्याले गोडीगुलाबीनं सांगून ऱ्हायले."

नवरा म्हणाला, "असं काही नसते, आप्पा."

"नसू दे. शिवी देऊन तं पाह्य."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. नवऱ्याने घसा खाकरला, इंजिनासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "अरे नालायका. चालू हो."

"ही काय शिवी झाली?" मी म्हटलं. "मास्तर वही तपासताना बोलतात तसं बोलता तुम्ही."

"मग तू दे," तो म्हणाला.

आता हे 'तू' सरळ, ठरवून म्हटलेलं होतं. मला ते इतकं आवडलं की अंगात वारं शिरलं. मी पदर खोचला, कमरेवर हात ठेवले आणि महिनाभर जिभेखाली दाबून ठेवलेली माझी भाषा त्या इंजिनावर सोडली.

"ऊठ रे मुडद्या! तुन्हा मुडदा बशो! बठ्ठा गहू सुकाई ऱ्हायना आनि तू आठे मांडी घालीसन बशेल शे! लाज शे का तुले? ऊठतस का नही? नहीतं आत्तेच तुले भंगारवालाले दी टाकसू!"

आप्पांच्या हातातली काठी पडली. नवरा तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत राहिला आणि मग पोट धरून वाफ्यातच बसला. "परत म्हण, परत म्हण. भंगारवाल्याले काय?"

"दी टाकसू!"

"दी टाकसू!" त्याने म्हणून बघितलं. चुकीच्या ठिकाणी जोर देऊन. मी त्याला बरोबर करून सांगितलं, 'देऊन टाकीन' हा अर्थही सांगितला. त्याने पुन्हा म्हटलं. इकडे आप्पाही बांधापलीकडून "दी टाकसू, दी टाकसू" म्हणून हसत होते. हसता हसता त्यांना खोकला आला, तेव्हा ते हात हलवून, डोळे पुसत आपल्या शेताकडे निघून गेले. जाताना म्हणाले, "तुह्या बापापेक्षा ही पोरगी भारी हाये!"

नवऱ्याने दोरी ओढली. इंजिनाने शिव्याही पचवल्या. फुर्र.

पण मी हसून दमून इंजिनाच्या पलीकडच्या बाजूला टेकले होते, तिथून मला एक गोष्ट दिसली. एअर फिल्टरच्या काळ्या डब्याच्या फटीतून काहीतरी पांढरं बाहेर आलं होतं. मी चिमटीत धरून ओढलं. कापूस! ओढत गेले तसा येत गेला.

"अहो, इकडे या. याने कापूस खाल्लाय."

नवऱ्याने डब्याचं झाकण उघडलं. आत फिल्टरचा स्पंज कुरतडलेला आणि उरलेल्या जागेत कापूस गच्च भरलेला. इंजिनाला श्वास घ्यायला जागाच नव्हती. पेट्रोल येत होतं, ठिणगी पडत होती, हवा मात्र येत नव्हती. तो खुशीत सगळा कापूस एका मुठीत काढायला गेला आणि एकदम थांबला.

"हलू नको," तो हळूच म्हणाला.

कापसात उंदराची पिल्लं होती. गुलाबी, बोटाच्या पेराएवढी, डोळे मिटलेली. एकमेकांत अशी गुंतलेली की कुठे एक संपतं आणि कुठे दुसरं सुरू होतं ते कळेना. आम्ही दोघं डोकं डोक्याला लावून त्यांच्याकडे बघत बसलो. गव्हाचं पाणी, येणारे पाहुणे, सगळं विसरलो.

"आता यांचं काय करायचं?" त्याने विचारलं.

"तुमच्याकडे उंदरांचं काय करतात?"

"आबा काय करतात ते तू विचारू नको."

मग त्याने खोपटातून एक फुटकं घमेलं आणलं. मी तो कापूस जसाच्या तसा, पिल्लांसकट, ओंजळीत उचलून त्यात ठेवला. ते घमेलं आम्ही खोपटाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, जुन्या पाइपांच्या वेटोळ्यामागे सरकवलं. थोड्या वेळाने नवरा वाकून बघून आला आणि म्हणाला, "आई आली त्यांची." त्याचा चेहरा असा फुलला होता, जणू ती उंदरीण आमच्याकडची पाहुणी.

फिल्टरचा उरलासुरला स्पंज झटकून, पेट्रोलने धुऊन, पिळून परत बसवला. पण आधी इतक्या वेळा दोरी ओढल्यामुळे प्लग पेट्रोलने पार ओला झाला होता. तो मी पदराने पुसला, तरी पुरेना. तेव्हा इंजिनापासून बऱ्याच अंतरावर जाऊन आम्ही भरितासाठी आणलेल्या काडेपेटीने थोड्या पऱ्हाट्या पेटवल्या आणि प्लग पकडीत धरून शेकला. "भरीत होतंय," नवरा म्हणाला, आणि आम्हाला पुन्हा हसू सुटलं. खरं तर त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. पण तोवर आमची अशी गत झाली होती की पाना हातातून पडला तरी हसायचो.

प्लग बसवला. टोपी लावली. बटण, कॉक, चोक, सगळं दोघांनी एकेकदा मोठ्याने म्हणून तपासलं. त्याचे हात इतके भरून आले होते की मूठ वळत नव्हती. "तूही धर," तो म्हणाला. दोरीच्या मुठीवर त्याचे हात, त्यावर माझे. एक, दोन म्हटलं आणि ओढली.

फट्. फट् फट्. आणि मग ते इंजीन असं दणदणून उठलं की मी किंचाळले. सायलेन्सरमधून काळ्या धुराचा लोट निघाला तो सरळ आमच्या तोंडावर. नवऱ्याचा चेहरा काळा, त्यात पांढरे दात. मी कशी दिसत होते ते त्याच्या बोट दाखवून नाचण्यावरून कळलं. हो, तो नाचत होता, आणि त्याच्यासोबत मीही. शेततळ्याच्या काठावर इंजिनाच्या तालावर आम्ही दोघं वेड्यासारखे नाचलो.

पंपात पाणी भरायचं राहिलंच होतं. ते ध्यानात आल्यावर धावपळ करून बादलीने पंप भरला आणि पंपाने पाणी ओढायला घेतलं. इंजिनाचा आवाज इतका मोठा की शेजारी उभं राहूनही बोललेलं ऐकू येईना. नवरा पंपापाशी, मी वाफ्याच्या तोंडाशी. माझ्याजवळ तो चपटा प्लास्टिकचा पाइप पसरलेला, त्याचं तोंड सुतळीने बांधलेलं. पाइप फुगत फुगत माझ्याकडे येत होता.

तेवढ्यात तो तिकडून काहीतरी ओरडला.

"काय?" मी ओरडले.

तो पुन्हा ओरडला. मला ऐकू आलं, 'पाइप सोडतेस का?'

म्हणून मी वाकून सुतळी सोडली.

पाणी जे सुटलं, त्याने पाइपच हातातून हिसकावून नेला. तो पाइप नागासारखा उभा राहिला, डोलला, आणि आधी मला नखशिखांत भिजवून मग गव्हावर आडवातिडवा आपटायला लागला. मी त्याला धरायला धावले की तो दुसरीकडे. नवरा धावत आला, त्याचा पाय चिखलात घसरला आणि तो बसूनच माझ्यापर्यंत पोचला. पाण्याने त्यालाही झोडपलं. शेवटी त्याने पाइपावर अक्षरशः अंग टाकलं आणि मी त्याच्या तोंडावर बसले, म्हणजे पाइपाच्या. पाणी मुकाट्याने वाफ्यात जायला लागलं. आम्ही चिखलात बसून धापा टाकत होतो.

"पाइप सोड म्हटलं ना तुम्ही?" मी ओरडले.

त्याने मान हलवली. नाही. त्याने पुन्हा काहीतरी सांगितलं. मला ऐकू आलं नाही. मी कानाला हात लावला. मग त्याने दोन्ही हातांचा कर्णा केला, छाती भरून श्वास घेतला आणि जीव खाऊन ओरडला. नेमकं त्याच क्षणी मागे कोणीतरी इंजिनाचं बटण बंद केलं. भर शांततेत शिवारभर घुमलं:

"तू लय छान हसते!"

आम्ही मागे वळून बघितलं. इंजिनाजवळ आबा उभे होते, हात बटणावर. त्यांच्यामागे डोक्यावर भाकरीचं टोपलं घेतलेल्या अक्का. आणि त्यांच्या शेजारी, नव्या साडीत माझी आई आणि पांढऱ्या टोपीत नाना.

पाइपातून उरलेलं पाणी बुडबुड करत माझ्या मांडीखालून गेलं. नवरा उठून उभा राहिला. नानांच्या पाया पडावं म्हणून पुढे गेला आणि हात-तोंड काळं, कपडे चिखलाचे बघून मधेच थांबला. तिथूनच वाकून त्याने हवेत नमस्कार केला. मला उठताच येईना. साडी भिजून दगडासारखी जड झाली होती, आणि खरं सांगायचं तर हसू अजून थांबलं नव्हतं.

नानांनी नुसतं माझ्या तोंडाकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मग विचारलं, "हाई काय शे व माय?"

मी इंजिनाकडे बोट केलं, कापसाकडे केलं, खोपटाकडे केलं आणि म्हणाले, "नाना, बठ्ठं बिघडी गयथं!" शाळेतली मराठी गेली कुठल्या कुठे. आणि या वेळी हसणाऱ्यांत मीच पहिली होते.

अक्कांनी टोपलं खाली ठेवलं. माझ्याजवळ आल्या, स्वतःच्या पदराने माझं नाक पुसलं, मग आबांकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही बंद काहून केलं वो? इतक्या मेहनतीनं चालू केलं पोरायनं."

आबा गोंधळले. "मले वाटलं, काही झालं. हे दोघं चिखलात लोळून ऱ्हायले."

मग आबांनीच दोरी ओढली. शिव्या न देता, पाहुण्यांसमोर कशा देतील! आणि इंजीन पहिल्याच झटक्यात चालू झालं. आबांनी नानांकडे असं बघितलं, जणू सगळी करामत त्यांचीच.

नानांनी तोवर टोपी काढून आईच्या हातात दिली होती. धोतर वर खोचून ते सरळ वाफ्यात उतरले आणि नवऱ्याने खोपटातून आणलेलं फावडं त्याच्या हातातून घेतलं. जावयाने "राहू द्या, राहू द्या" म्हटलं तरी ऐकेनात. थोड्या वेळाने दोघंही पाण्यात. एक वाफा भरला की नाना बांध फोडायचे आणि नवरा पुढचा बांधायचा. नाना 'आठे, आठे', म्हणजे इथे, म्हणायचे, तो आपल्या बोलीत 'अठी का?' विचारायचा. इंजिनाच्या आवाजात दोघं एकमेकांवर ओरडत होते आणि दोघांनाही ते ओरडणं आवडत होतं.

मला अक्कांनी आपली घोंगडी गुंडाळून जाळापाशी बसवलं. आई शेजारी वांगी फिरवत बसली. ती हळूच म्हणाली, "तुना बाप वाटवर एक शबद बोलना नही. सकाळपाशीन पोटमा अन्न नही. आते देख, कसा बडबडी ऱ्हायना."

मी बघितलं. नाना फावड्यावर रेलून माझ्या नवऱ्याला काहीतरी लांबलचक समजावत होते, हातवारे करून. नवरा मान डोलवत होता, काळ्या तोंडाने.

उन्हं कलली तेव्हा शेवटचा वाफा भरला. वांगी मस्त भाजली होती, ती पेट्रोलची दोन सोडून. ती पाहुण्यांना घेऊन आलेल्या गाडीच्या बैलांनीही हुंगून सोडली. आबांनी भरीत कुटलं, त्यात हिरव्या मिरच्या अशा घातल्या की धुरापेक्षा त्यांचाच ठसका. गोल करून सगळे बसलो. नवऱ्याला माझ्यापासून लांब, नानांच्या शेजारी बसवलं होतं. मी पहिला घास तोंडात घातला आणि समोर त्याच्याकडे बघितलं. तो भाकरी मोडता मोडता ओठ न हलवता, नुसत्या डोळ्यांनी म्हणाला, दी टाकसू.

घास सरळ नाकात गेला. मिरची वर चढली, डोळ्यांतून पाणी, आई पाठीत धपाटे घालते आहे, अक्का "पाणी द्या वो, पाणी!" ओरडताहेत, आबा "काय झालं, काय झालं" विचारताहेत, आणि मला एक शब्द बोलता येत नाही.